काढलात, मग कारणही सांगा

मी गेम खेळते, गेमबद्दल लिहिते, हे कळलं की थोड्याच वेळात एक प्रश्न येतोच. "इतके हिंसक गेम ही ऑनलाइन दुकानं ठेवतातच कशी? सरळ काढून का टाकत नाहीत?" विचारणारे बहुधा आईबाप असतात. आवाजात राग असतो, पण रागाखाली काळजी असते, आणि ती खरी असते. उभ्याउभ्या दोन वाक्यांत उत्तर दिलं की माझं मलाच अपुरं वाटतं. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून, या वेळी नीट बसून लिहिते.

आधी पोटातली भीती. गेम खेळून मूल उद्या कुणाच्या जिवावर उठेल का? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2020 च्या एका ठरावात सांगितलं की हिंसक गेम आणि प्रत्यक्षातला हिंसाचार यांचा संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही. त्याच ठरावात हेही आहे की आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी मात्र छोटा, पण सातत्याने दिसणारा संबंध आढळतो. गेमच्या बाजूचे लोक पहिलं वाक्य सांगतात, विरोधातले दुसरं. तुम्ही दोन्ही लक्षात ठेवा. पण काय विकावं आणि काय नको, याचा निकाल माझ्या मते या संशोधनावर लागत नाही. एखाद्या गेममुळे कुणाचाही हात कुणावर उगारला गेला नाही, तरी तो गेम हीन असू शकतो. आणि रक्ताने माखलेला गेम माणसाला हलवून सोडू शकतो.

2014 मधले दोन गेम मला इथे हटकून आठवतात. दोन्ही पोलंडमध्ये बनलेले, साधारण महिन्याभराच्या अंतराने लोकांसमोर आलेले.

पहिला 'धिस वॉर ऑफ माइन'. युद्धात वेढल्या गेलेल्या शहरातली तीन-चार साधी माणसं एका पडक्या घरात आसरा घेऊन आहेत. दिवसा बाहेर पडता येत नाही, कारण गोळी कुठून येईल सांगता येत नाही. रात्री एकाने बाहेर जायचं आणि अन्न, औषध, लाकूड, जे हाती लागेल ते आणायचं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. आपण आत शिरतो, कपाटं उघडायला लागतो, तसा तो म्हातारा मागेमागे येतो. हातात काही नाही, अंगात बळ नाही. फक्त विनवतो, बायको आजारी आहे, तिची औषधं नेऊ नका. माझ्या घरातही एक जण तापाने फणफणला होता. मी औषधं घेतली. दुसऱ्या दिवशी ती आणणारं माझं पात्र मान खाली घालून पाय ओढत चालायला लागलं. रक्ताचा एक थेंब सांडला नव्हता, तरी आजवर गेममध्ये मी केलेली सगळ्यात हिंसक गोष्ट तीच. पोलंडच्या सरकारने 2020 मध्ये हा गेम शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

दुसरा 'हेट्रेड'. काळा कोट घातलेला एक माणूस घराबाहेर पडतो आणि दिसेल त्याला मारत सुटतो. का मारतो, तर त्याला माणसांचा तिटकारा आहे. बस, एवढंच. स्टीम हे संगणकावरच्या गेमचं सगळ्यात मोठं दुकान. तिथे तेव्हा नवा गेम आधी लोकांच्या मतासाठी ठेवला जायचा. डिसेंबर 2014 मध्ये 'हेट्रेड' तिथे आला, स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने तो काढला आणि दोन दिवसांच्या आत परत ठेवला. कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी गेम बनवणाऱ्यांची माफीही मागितली. काढण्याचा निर्णय बरोबर नव्हता, असं त्यांचं म्हणणं.

मी तो गेम घेतला नाही, घेणारही नाही. दुकानदाराने तो ठेवला नसता तर मी एका शब्दाने तक्रार केली नसती. आपल्या दुकानात काय ठेवायचं हे ठरवायचा हक्क दुकानदाराला आहेच. माझं दुखणं वेगळं आहे. काढताना म्हटलं, आम्ही हा विकणार नाही. कुठल्या नियमाने, ते नाही. परत ठेवताना म्हटलं, चुकलं. काय चुकलं, ते नाही. उद्या दुसऱ्या कुणी तसलाच गेम आणला किंवा त्याच्या अगदी उलट वृत्तीचा आणला, तर त्याने कशाकडे बघून अंदाज बांधायचा?

मे 2018 मध्ये हे आणखी ठळक झालं. शाळेतल्या गोळीबारावरचा एक गेम स्टीमवर येऊ घातला होता, त्यात गोळीबार करणाऱ्याची भूमिकाही घेता येणार होती. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत 17 जणांचा जीव गेला होता. त्या मुलांच्या आईवडिलांनी आवाज उठवला आणि गेम दुकानातून काढला गेला. फार बरं झालं. पण व्हॉल्व्हने पुढे केलेलं कारण गेम बनवणाऱ्याच्या आधीच्या उद्योगांचं होतं, म्हणजे नाव बदलून परत येणं, ग्राहकांशी वाईट वागणं वगैरे. उद्या हाच गेम एखाद्या सरळ वागणाऱ्या माणसाने आणला असता तर चालला असता का? ज्या आईबापांनी लेकरू गमावलं, त्यांच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं.

लगेच जूनमध्ये व्हॉल्व्हने धोरण जाहीर केलं. बेकायदेशीर किंवा निव्वळ खोडी काढण्यासाठी केलेलं सोडून बाकी सगळं दुकानात येऊ देऊ, काय दिसावं ते ज्याने त्याने चाळणी लावून ठरवावं. वरवर हे मोठ्या मनाचं वाटतं, मला मात्र ती जबाबदारी झटकणं वाटली. प्रत्येक विक्रीतून वाटा घ्यायचा, कुठला गेम पहिल्या पानावर झळकेल हे ठरवायचं, आणि वाद झाला की आम्ही फक्त जागा दिली म्हणायचं, हे जमत नाही. वर्षही उलटलं नाही तोच मार्च 2019 मध्ये बायकांवर अत्याचार करणं हाच ज्याचा खेळ होता असा एक गेम आला, आणि व्हॉल्व्हला नाही म्हणावंच लागलं. त्यात अज्ञात खर्च आणि जोखीम आहे, असं त्यांनी लिहिलं. निर्णय मला शंभर टक्के पटला. ते शब्द वाचून मात्र जीव खंतावला. असा गेम आम्ही विकणार नाही कारण तो बाईच्या यातनेची मजा विकतो, एवढं साधं वाक्य लिहायला काय हरकत होती?

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग कडक नियम करा आणि हिंसा दिसली की काढा. आता तसं केलं की काय होतं ते बघा. सप्टेंबर 2011 मध्ये 'फोन स्टोरी' नावाचा छोटासा गेम अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवर आला. आपल्या हातातला फोन कसा बनतो, हा त्याचा विषय. पहिल्याच टप्प्यात कोल्टनची, म्हणजे फोनचे भाग बनवायला लागणाऱ्या खनिजाची, खाण आहे. लहान मुलं खणतायत, एखादं थकून थांबलं की बंदूकधारी पहारेकऱ्याला तिकडे नेऊन त्याच्यावर ओरडायला लावायचं. हे काम आपण करायचं, आपल्याच बोटाने, आपल्याच फोनच्या काचेवर. पुढच्या टप्प्यात कारखान्याच्या छतावरून कामगार उड्या टाकतायत आणि आपण खाली जाळी सरकवत त्यांना झेलायचं. मी हा गेम पुढे संगणकावर खेळले, आणि खाणीच्या टप्प्यावर माझा हात अडला. दुकानाने तो काही तासांत काढला. ठेवलेल्या आक्षेपांत मुलांवरची हिंसा दाखवणं हाही एक होता.

शब्दाला शब्द लावला तर आक्षेप खराच होता. मुलांवरची हिंसा त्यात होतीच, ती दिसावी म्हणून तर गेम बनवला होता. पडद्यावर काय दिसतं एवढंच मोजणारा नियम अशा गेमला आधी पकडतो. त्याच दुकानाच्या 2010 च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं की धर्मावर टीका करायची असेल तर पुस्तक लिहा. म्हणजे पुस्तकाने अवघड बोलावं आणि गेमने गोड राहावं. ज्यांना गेम ही बोलण्याची एक रीत वाटते, त्यांना हे वाक्य किती लागतं ते मी सांगू शकत नाही.

आता सगळ्यात नवी गोष्ट, आणि मला सगळ्यात जास्त घाबरवणारी. जुलै 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कलेक्टिव्ह शाउट या संघटनेने लैंगिक हिंसेच्या गेमविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं. ते पत्र दुकानांना नव्हतं, पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांना होतं. त्याच महिन्यात स्टीमच्या नियमांत एक कलम आलं: पेमेंट कंपन्या, कार्ड नेटवर्क आणि बँका यांच्या नियमांत न बसणारा मजकूर चालणार नाही. इच डॉट आयओ हे छोट्या, स्वतंत्र निर्मात्यांचं दुकान. त्याने प्रौढ मजकुराचे सगळेच गेम एका फटक्यात शोधातून गायब केले, निर्मात्यांना आधी कळवताही आलं नाही. मास्टरकार्डने सांगितलं की आम्ही कुठला गेम तपासला नाही, कुणाला काढायला लावला नाही. व्हॉल्व्हने सांगितलं की ते आमच्याशी थेट बोललेच नाहीत, मधल्या कंपन्या आणि बँकांमार्फत निरोप आला, आणि त्यात मास्टरकार्डच्याच नियमाचा हवाला होता. नियम कुठला, तर ब्रँडच्या नावाला बट्टा लावणाऱ्या व्यवहारांबद्दलचा.

त्या पत्रातल्या काही गेमबद्दल माझं मत संघटनेपेक्षा फार वेगळं नाही. पण स्वतःच्या आयुष्यातल्या अत्याचारावर कुणी गेम केला असेल आणि एका सकाळी तो यादीतून नाहीसा झाला असेल, तर त्याने कुणाचं दार ठोठावायचं? दुकान बँकेकडे बोट दाखवतं, बँक कार्डाकडे, कार्डवाले म्हणतात आम्ही काही केलंच नाही. आज प्रौढ मजकूर आहे. उद्या याच वाटेने 'फोन स्टोरी' जाईल.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. हो, काही गेम दुकानाने नाकारावेत, आणि स्वतःच्या तोंडाने नाकारावेत. नियम आधी लिहावा, तो बँकेच्या आड लपवू नये. काढताना कुठल्या प्रसंगासाठी काढला ते निर्मात्याला सांगावं, त्याचं म्हणणं ऐकायला एक जिवंत माणूस असावा. आणि तपासणाऱ्याने रक्त मोजण्याआधी बघावं की खेळणाऱ्याला कुणाच्या जागी उभं केलंय, आणि ज्याला मार बसतो तो या गेममध्ये माणूस आहे की नुसतं लक्ष्य. हे बघायला गेम खेळावा लागतो. वेळ जातो, पैसा जातो. विक्रीतला वाटा त्यासाठीच घेताय ना?

घरच्यांसाठी मात्र एक गोष्ट आजही हाताशी आहे. स्टीमवर अशा गेमच्या पानावर खाली एक चौकट असते, गेममध्ये काय आहे ते बनवणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत तिथे लिहिलेलं असतं. मध्यंतरी एका मैत्रिणीने मुलाला हव्या असलेल्या गेमचं पान माझ्यासमोर उघडलं. मुलगा अठरा पूर्ण झालेला, तरी तिचा जीव खालीवर. चौकटीत तीन ओळी होत्या: रक्त, शिव्या, तुटलेले अवयव. तिने दोनदा वाचल्या आणि विचारलं, "पण मारतात कुणाला? आणि का?" ते तिथे नव्हतं. तो गेम घ्यायचा राहिला, त्याऐवजी दोघांनी मिळून 'धिस वॉर ऑफ माइन' घेतला. तिसऱ्या रात्री ते म्हाताऱ्याच्या घरी पोचले. मुलगा म्हणाला, औषध घेऊ, आपला माणूस मरेल. ती म्हणाली, आणि त्या बाईचं काय? गेम थांबवून दोघं कितीतरी वेळ त्यावर वाद घालत बसले होते, असं तिने मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं.