ताईचा फोन येईल का

ताई आणि मी सात महिने बोललो नाही. बाबांच्या शेवटच्या दिवसांत कोणी किती केलं यावरून सुरू झालं आणि मग दोघींच्याही तोंडून असं काही निघून गेलं की नंतर कितीही वाटलं तरी ते परत घेता आलं नाही. त्या सात महिन्यांत मी काय करत होते ते लिहायचं बरेच दिवस मनात आहे, कारण माझ्यासारखं करणाऱ्या अजून दोघी मला भेटल्या आणि तिघींनीही ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

रात्री दीड-दोनला जाग यायची. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर ताईचं लास्ट सीन बघायचं आणि मग टॅरोचं, म्हणजे पत्ते काढून भविष्य बघायचं, अ‍ॅप उघडायचं. प्रश्न एकच, ताईचा फोन येईल का. पत्ते शफल होताना छातीत धडधडायचं, एक पत्ता उलटायचा, त्याचा अर्थ वाचायचा, चांगला असला की झोप लागायची आणि वाईट असला की परत काढायचा, "मघाशी माझं लक्ष नव्हतं" असं स्वतःला सांगून. सुरुवातीला रात्री एक पत्ता होता, महिन्याभरात तीन झाले, आणि नंतर तर ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीतसुद्धा सुरू झालं.

माझा विश्वास होता का? दिवसा कोणी विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. टॅरो मुळात पंधराव्या शतकात इटलीत खेळायचे पत्ते म्हणून आले हे मी तेव्हाही वाचलेलं होतं. पुढची तीनेकशे वर्षं लोक मुख्यतः त्यांनी डावच खेळत होते आणि १७८१ मध्ये कूर द जेबलाँ नावाच्या फ्रेंच माणसाने लिहिलं की ही प्राचीन इजिप्तची गुप्त विद्या आहे, तेही अशा काळात जेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती, ती उलगडली १८२२ मध्ये. हे सगळं माहीत असून रात्री दोन वाजता त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. म्हणून "असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नकोस" असं कोणी कुणाला सांगितलं की मला वाईट वाटतं. त्या वेळी माणूस विश्वास-अविश्वासाच्या पलीकडे गेलेला असतो, त्याला फक्त कोणीतरी काहीतरी बोलायला हवं असतं.

मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला होता. त्याच्या लक्षात आलं की तिथले लोक बेटाजवळच्या शांत पाण्यात मासे धरताना मंत्र-तंत्र काही करत नाहीत, पण खोल समुद्रात जायचं असलं की सगळे विधी करतात. पोटाला मासे दोन्हीकडून मिळायचे, पण खोल समुद्रात जीव जाऊ शकतो आणि तिथे आपल्या हातात काही नसतं. हे वाचलं तेव्हा मला स्वतःबद्दलची लाज बरीच कमी झाली. पगार, बिलं, ऑफिसमधली भांडणं यांच्यासाठी मी कधी एक पत्तासुद्धा काढला नव्हता, फक्त ताईसाठी काढत होते.

आता त्या एका पत्त्याबद्दल सांगते कारण तो मला फार वेळा आला, किंवा आला की जास्त लक्षात राहायचा. आठ तलवारींचा पत्ता. १९०९ च्या टॅरो पत्त्यांच्या संचात पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढलेली चित्रं आहेत, आजही अनेक पत्त्यांमध्ये तीच किंवा तशीच दिसतात. एक बाई उभी आहे, डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती कापड गुंडाळून बांधलेलं, आजूबाजूला आठ तलवारी जमिनीत रोवलेल्या. पहिल्यांदा आला तेव्हा मी वाचलं की ताई अडकलीय, तिला फोन करायचाय पण भाऊजी करू देत नाहीयेत, आणि खरं सांगते, मी दोन दिवस भाऊजींवर मनातल्या मनात चिडून होते. पुढच्या वेळी वाचलं की बांधलेली मीच आहे आणि बांधलंय ताईने. तिसऱ्यांदा अजून काहीतरी. चित्र तेच होतं, त्या त्या रात्री माझ्या मनात जे असेल ते मी त्यात घालत होते. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं आणि किती जुळतं याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले, सरासरी ४.२६ आली, आणि सगळ्यांना दिलेलं वर्णन शब्दन् शब्द एकच होतं, त्यातला बराचसा मजकूर भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. मला यात त्या मुलांची फसगत दिसत नाही, आपल्याला कोणीतरी ओळखावं याची भूक दिसते.

मग मी एका टॅरो रीडरकडे, म्हणजे पत्ते वाचून सांगणाऱ्या बाईकडे गेले, ऑनलाइन. प्रेमाने बोलली ती, तासभर ऐकून घेतलं, ते ऐकून घेणं मला खरंच हवं होतं. पण शेवटी म्हणाली तीन आठवड्यांत संपर्क होईल. मी एकवीस दिवस मोजले. बाविसाव्या दिवशी माझी जी अवस्था झाली ती भांडणाच्या दिवशीही नव्हती, कारण आता ताई फोन करत नव्हती आणि वर ठरलेला दिवसही टळला होता. हे मला फार मनापासून सांगायचंय, दुःखात असलेल्या माणसाला तारीख देऊ नका हो. (आणि कोणी दोष आहे, बाधा आहे, अजून पैसे भरा म्हणालं तर लगेच उठून या.)

त्यानंतर आय चिंगकडे वळले, प्रश्न विचारून कौल घ्यायची चिनी पद्धत, फार जुनी. तीन नाणी सहा वेळा उडवायची, प्रत्येक वेळी एक रेघ, अखंड किंवा तुटलेली, खालून वर रचत जायची, अशा एकूण ६४ आकृत्या होतात आणि प्रत्येकीचा मजकूर वाचायचा. मला त्या दिवशी कुठली आकृती आली ते आठवतही नाही, पण ती शोधताना पानं उलटत होते आणि चौथ्या आकृतीवर थांबले, मंग, वर डोंगर खाली पाणी, अजाण शिकणाऱ्याची आकृती. तिथे लिहिलं होतं की पहिल्यांदा विचारलं तर सांगतो, दोनदा-तीनदा विचारणं म्हणजे त्रास देणं, आणि त्रास देणाऱ्याला सांगत नाही.

ती माझी आकृती नव्हतीच, तरी मी नाणी हातात धरून तशीच बसून राहिले. ज्यांनी ही विद्या घडवली त्यांना हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं की माणूस तोच प्रश्न घेऊन परत परत येणार. माझ्याआधी कितीजणी अशा रात्री बसल्या असतील.

नंतर मी समुपदेशकाकडे जायला लागले तेव्हा तिने हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. प्रत्येक वेळी खात्री करून घेतली की थोडा वेळ बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच मन शिकतं की पुढच्या वेळीही खात्री केल्याशिवाय राहवणार नाही. ज्यांना कुलूप परत परत बघावंसं वाटतं त्यांचंही असंच चालतं म्हणे. तिने पत्ते बंद कर असं सांगितलं नाही. पत्ता काढायच्या आधी प्रश्न वहीत लिही, एवढंच म्हणाली.

वहीत पहिले आठ-नऊ दिवस तेच वाक्य आहे, ताईचा फोन येईल का. मग एके दिवशी माझ्याच अक्षरात लिहिलंय, ताईचा फोन आला तर मी काय बोलणार आहे. त्या रात्री पत्ता काढायचा राहूनच गेला, चार पानं लिहिली. बाबांच्या औषधांच्या वेळा, हॉस्पिटलमधल्या रात्री, ताई आली नाही ते दिवस, आणि ती आली होती आणि मी तिच्याशी नीट बोलले नव्हते ते दिवस, हे दुसरे मी पार विसरले होते.

आठ तलवारींचं ते चित्र मी परवा पुन्हा नीट बघितलं. त्या बाईचे पाय बांधलेले नाहीयेत. इतक्या वेळा बघून ते मला दिसलं नव्हतं.

फोन शेवटी मीच केला, रविवारी दुपारी. दोन रिंगांत उचलला. कोणीच काही बोललं नाही आणि मग ती म्हणाली, "जेवलीस का?" अकरा मिनिटं बोललो, बरंचसं तिच्या गुडघ्याबद्दल. बाबांचा विषय अजून निघालेला नाही. अ‍ॅप अजून फोनमध्ये आहे, परवा रात्री दोनला जाग आली तेव्हा उघडलंही होतं, प्रश्नाच्या जागी काय लिहायचं ते सुचेना म्हणून मिटून ठेवलं.