असाकुसा : सेन्सो-जीच्या दर्शनापासून रोक्कूच्या रंगमंचापर्यंत

टोकियोला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी असाकुसाला तासभर देतात. लाल कंदिलाखाली फोटो काढतात, बाजारातून एक फेरी मारतात आणि परततात. माझे आग्रहाचे म्हणणे आहे की तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत पूर्ण दिवस काढावा. सेन्सो-जीचे देऊळ आणि शेजारची रोक्कू ही करमणुकीची वस्ती दोन्ही एकाच गर्दीने उभी केली आहेत, त्यामुळे एक पाहून दुसरे सोडले तर जागा अर्धीच कळते.

आई आणि मी निशी-कासाईला दादाकडे उतरलो होतो. तिथून तोझाई लाईनने निहोन्बाशीला जायचे आणि गिन्झा लाईनने असाकुसा गाठायचे. १९२७ साली उएनो ते असाकुसा या पट्ट्यातच जपानची पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली, यावरून त्या काळी लोकांचा ओढा कुठे होता हे समजते. देवळाचे मुख्य सभागृह उन्हाळ्यात सकाळी सहाला आणि हिवाळ्यात साडेसहाला उघडते. नाकामिसे या देवळासमोरच्या बाजारातली दुकाने उघडण्यापूर्वी पोहोचल्यास दर्शन शांतपणे होते, म्हणून आम्ही पहाटेच निघालो.

कामिनारीमोन दरवाजात वायुदेव आणि मेघगर्जनेचा देव उभे आहेत. १८६५ च्या आगीत हा दरवाजा जळाला आणि जवळजवळ शतकभराने, १९६० साली, उद्योगपती मात्सुशिता कोनोसुके यांच्या देणगीतून पुन्हा उभा राहिला. मुख्य सभागृहही मूळचे नाही. १० मार्च १९४५ च्या बाँबहल्ल्यात ते भस्मसात झाले आणि आजची इमारत १९५८ ची आहे. आख्यायिका मात्र इ. स. ६२८ ची आहे. सुमिदा नदीत मासे धरणाऱ्या दोघा भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली, अशी ती कथा. हा कान्नोन म्हणजे आपल्या अजिंठ्याच्या आणि कान्हेरीच्या लेण्यांतला अवलोकितेश्वर. ती मूर्ती कोणालाही दाखवली जात नाही, त्यामुळे भाविक बंद गाभाऱ्यापुढेच हात जोडतात. आईला यात काही वावगे वाटले नाही. देव आपल्याला पाहतो एवढे पुरे, असे ती म्हणाली.

दर्शनाचा क्रम सोपा आहे. आधी पाण्याने हात धुवावेत, मग सभागृहासमोरच्या मोठ्या धूपपात्राजवळ उभे राहून दुखऱ्या अवयवाकडे धूर ओढून घ्यावा. आईने तो दोन्ही हातांनी गुडघ्यांवर घेतला. आत गेल्यावर नाणे पेटीत टाकून नमस्कार करावा, पण टाळ्या वाजवू नयेत. टाळ्या शेजारच्या असाकुसा देवस्थानात वाजवायच्या असतात, कारण ते शिंतोचे, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचे आहे. १६४९ सालची ती इमारत बाँबहल्ल्यातून वाचली आहे आणि तिथे त्या दोघा भावांची, तसेच मूर्तीसाठी आपल्या घराचे देऊळ करणाऱ्या गावप्रमुखाची पूजा होते.

ओमिकुजी, म्हणजे कौलाची चिठ्ठी, काढण्यासाठी शंभर येन पेटीत टाकायचे, धातूचा षट्कोनी डबा हलवायचा आणि बारीक छिद्रातून बाहेर येणाऱ्या काडीवरचा आकडा पाहायचा. आकडा जपानी लिपीत असतो, पण लाकडी खणांवरही तीच अक्षरे असल्याने नुसती आकृती जुळवली तरी काम होते. खणातली चिठ्ठी घ्यावी, काडी डब्यात परत टाकावी आणि खण लावून घ्यावा. चिठ्ठीवर इंग्रजी मजकूरही असतो. इथल्या शंभर कौलांपैकी सुमारे तीस अशुभ असतात असे सांगतात, आणि आईच्या हाती नेमका तसाच एक आला. तिने मजकूर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, जवळच्या तारांवर चिठ्ठी घडी घालून बांधली आणि देवाच्या दारीच तो भार ठेवून शांतपणे पुढे निघाली.

सुमिदाच्या काठाने थोडे उत्तरेला, एका टेकडीवर, सेन्सो-जीचेच एक उपमंदिर आहे : मात्सुचियामा शोदेन. इथला देव कांगितेन, म्हणजे बौद्ध परंपरेतून जपानला पोहोचलेला आपला गणपती. मूर्ती इथेही झाकलेलीच. नैवेद्य मुळ्याचा. आवारातच पांढरेशुभ्र मुळे विकत मिळतात, ते देवापुढे ठेवायचे, आणि नैवेद्याचे मुळे भाविकांना प्रसाद म्हणून मिळतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी वर जायला छोटी उताररेल्वे आहे. कोणत्याही मार्गदर्शकाने आईला इथे नेले नसते, याची मला आजही हळहळ वाटते. मराठी माणसाने असाकुसाला येऊन हे ठिकाण चुकवू नये.

तिसऱ्या प्रहरी आम्ही देवळाच्या पश्चिमेला रोक्कूकडे वळलो. पूर्वी सभागृहाच्या मागच्या मोकळ्या जागेत भोवरे फिरवणारे आणि कसरतपटू खेळ करत. १८७३ मध्ये देवळाची जमीन सरकारी उद्यान झाली, १८८४ मध्ये तिचे विभाग पाडले गेले आणि खेळांना सहावा विभाग मिळाला, तोच रोक्कू. १८९० साली इथे बारा मजली र्योउन्काकू मनोरा उभा राहिला, १९०३ मध्ये जपानचे पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह सुरू झाले. मनोरा १९२३ च्या भूकंपात मोडला आणि पुढे दूरचित्रवाणीने चित्रपटगृहे ओस पाडली. आपल्याकडे जत्रेत दिवसा देवाचे दर्शन आणि रात्री तमाशाचा फड असतो, तसेच इथे शतकानुशतके चालत आले आहे.

तो फड आजही असाकुसा एंगेई हॉलमध्ये जिवंत आहे. तिकीट खिडकीवर घ्यायचे, रिकामी खुर्ची दिसेल तिथे बसायचे. खेळ दुपारपूर्वी सुरू होऊन रात्री नऊच्या सुमारास संपतो. राकुगो म्हणजे एकट्याने बसून विनोदी गोष्ट सांगण्याची कला. तिचा कथेकरी उशीवर गुडघे मोडून बसतो आणि घडीच्या पंख्याने व हातरुमालाने सगळे जग उभे करतो. एकाने मिटलेला पंखा जेवणाच्या काड्यांसारखा धरून गरम नूडल्स अशा भुरकल्या, की जपानीचे एक अक्षर न कळणारी आई सगळ्यांबरोबर हसली. भाषा येत नसेल तर फलकावर तांबड्या अक्षरांत लिहिलेल्या नावांची वाट पाहावी. ते जादूगार, कागद कातरणारे किंवा कसरतपटू असतात. आईला उघड्या छत्रीवर चेंडू फिरवणारा कलाकार सर्वांत आवडला. कार्यक्रम दर दहा दिवसांनी, साधारणतः १, ११ आणि २१ तारखेला बदलतो, हे कळल्यावर तिने दादाला पुढच्या यादीत तो पुन्हा आहे का ते पाहायला सांगितले.