तुम्ही विचारलंत म्हणून: ऑरेगन मोठ्या लीगमध्ये गेलं, तर तुमच्या पोटात का दुखतं?

कोल्हापूरचे नातेवाईक विचारतात, इथे अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात हिल्सबरोच्या ऑफिसात नव्याने आलेली पोरं विचारतात, आणि सगळ्यांचा सूर एकच. "ऑरेगन बिग टेनमध्ये गेलं, चांगलंच झालं की! दोन्ही विद्यापीठं एकाच राज्यातली, सामना तर झालाच ना त्यानंतरही? मग तुमच्या पोटात का दुखतं?" (बिग टेन म्हणजे इथल्या विद्यापीठांच्या फुटबॉलची मोठी, पैसेवाली लीग.) आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

मी ऑरेगन स्टेटचा. गाव कॉर्व्हॅलिस, रंग नारिंगी-काळा, संघ बीव्हर्स (बीव्हर म्हणजे चपट्या शेपटीचा, पाण्यातला एक प्राणी). तिथून चाळीस-पंचेचाळीस मैलांवर युजीन. तिथलं विद्यापीठ म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ ऑरेगन, संघ डक्स, म्हणजे बदकं, रंग हिरवा-पिवळा. खेळ अमेरिकी फुटबॉल, लांबुळक्या चेंडूचा. या दोघांचा पहिला सामना १८९४ साली झाला आणि २०२५ चा १२९वा. महायुद्धात १९४३ आणि १९४४ साली खंड पडला, त्यानंतर २०२५ पर्यंत एकही वर्ष चुकलं नाही. १९८३ साली भर पावसात दोघांनी मिळून एकही गुण केला नाही, सामना ०-० सुटला, तर लोक त्याच्याही गोष्टी अजून सांगतात. जिंकणाऱ्यासाठी लाकडात कोरलेला एक प्लॅटिपससुद्धा आहे, चोच बदकाची आणि शेपूट बीव्हरची. १९५९ साली कलाशाखेच्या एका विद्यार्थ्याने तो कोरला आणि पुढे चाळीसेक वर्षं तो हरवलाच होता. एवढी ईर्ष्या, आणि करंडक सांभाळता येईना!

आता लीग, इथल्या भाषेत कॉन्फरन्स, म्हणजे काय, तर काही विद्यापीठांचं मंडळ. आपापसांत खेळायचं, विजेता ठरवायचा आणि टीव्हीचे पैसे वाटून घ्यायचे. खरं मंडळ चालतं ते या शेवटच्या कलमावर. आम्ही दोघं पॅक-१२ मध्ये होतो. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन बड्या विद्यापीठांनी बिग टेनची वाट धरली, २०२३ च्या जुलैत कोलोरॅडो गेलं, आणि ४ ऑगस्टला एका दिवसात पाच जण बाहेर पडले. त्यात ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे. महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि बर्कलीसुद्धा अटलांटिककाठच्या लीगमध्ये गेली. बारातले उरले दोन, आम्ही आणि वॉशिंग्टन स्टेट. बिग टेन आता अठरा संघांची, न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत पसरलेली. तिचा टीव्हीचा करार सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा. ऑरेगनला सुरुवातीला त्यातला साधारण निम्माच वाटा मिळाला, तरी ते गेले. मी त्यांना दोष देत नाही. आम्हाला बोलावणं आलं असतं तर आम्ही सामान बांधायलाही थांबलो नसतो.

तर फरक काय पडला? लोकांना वाटतं, आता ते जास्त श्रीमंत, म्हणून आम्हाला धुतात, म्हणून आम्ही रडतो. तसं नाही. हरण्याची आम्हाला सवय आहे. श्रीमंत तर ते आधीपासूनच होते. नाइकीचे फिल नाइट त्यांचे माजी विद्यार्थी. तरीसुद्धा २०२० साली आम्ही ४१-३८ जिंकलो, २०२१ ला ते ३८-२९, २०२२ ला पुन्हा आम्ही ३८-३४.

तो २०२२ चा सामना जरा सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. नोव्हेंबरचा शेवट. आमच्या रीझर स्टेडियमची पश्चिमेकडची बाजू नव्याने बांधायची म्हणून पाडलेली, त्यामुळे प्रेक्षक एका अंगाला आणि बांधकाम दुसऱ्या अंगाला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही ३१-१० ने मागे. मग आमच्या पोरांनी चेंडू फेकणं जवळपास सोडूनच दिलं. बगलेत चेंडू, मान खाली, आणि पळ. पुन्हा पळ. समोरच्यांना दिसतंय काय येणार आहे, तरी अडवता येईना. त्यातच त्यांच्या पंटरच्या (लाथेने चेंडू लांब उडवणाऱ्या खेळाडूच्या) हातून चेंडू निसटला आणि आम्हाला गोलरेषेच्या तोंडाशी ताबा मिळाला. सलग २८ गुण. सामना संपल्यावर सगळा जमाव मैदानात. पण गंमत पुढेच. तो सामना ते जिंकले असते तर पॅक-१२ च्या अंतिम सामन्यात गेले असते. हरले, म्हणून यूटा गेलं. आमच्या हातून त्यांचं अख्खं वर्ष वाया गेलं. २००९ साली उलटं झालं होतं: जिंकेल तो ‘रोझ बोल’ या हंगामअखेरच्या मानाच्या सामन्याला जाणार अशी लढत, ते ३७-३३ जिंकले आणि आम्ही घरी बसलो.

म्हणजे चुरस गुणांत नव्हतीच. आपण हरलो तर त्यांचं भलं आणि ते हरले तर त्यांचं वाटोळं, अशी दोघांची नशिबं एकाच गाठीत बांधलेली होती. ती गाठ लीगची होती, राज्याची नव्हे. लीग गेली, गाठ सुटली.

मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेच्या संघांची खुन्नस बघत वाढलो. त्यातली एक तालीम उद्या इंडियन सुपर लीगमध्ये गेली आणि हंगामाआधी सरावाचा सामना म्हणून समोरच्या पेठेशी खेळली, तर ती लढत राहील का? मैदान तेच, जर्सी त्याच, शिव्याही त्याच असतील. पण एक बाजू घड्याळाकडे बघत खेळेल.

आमचं नेमकं तेच झालं. पूर्वी हा सामना बहुतेक नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आसपास, हंगामाच्या शेवटी व्हायचा. पाऊस, धुकं, सुट्टीला घरी आलेली पोरं, एकाच जेवणाच्या टेबलावर दोन रंगांचे टीशर्ट. आता त्यांचा नोव्हेंबर बिग टेनच्या मालकीचा. म्हणून २०२४ ला सामना १४ सप्टेंबरला झाला, २०२५ ला २० सप्टेंबरला. एक बारीक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही: या दोन्ही विद्यापीठांचे वर्ग सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतात. म्हणजे राज्यातली एवढी जुनी लढत चालू होती आणि निम्मे विद्यार्थी अजून गावाला! निकाल ४९-१४ आणि ४१-७, दोन्ही त्यांचे. २०२४ ला ते पुढे ओहायो स्टेटला ३२-३१ हरवून आणि बिग टेन जिंकून आले. त्यांच्या कुठल्या पोराला विचारा, त्या वर्षीचा मोठा सामना कुठला. आमचं नाव निघणार नाही.

पैशाचं म्हणाल तर त्याचा परिणाम स्कोअरबोर्डवर नंतर दिसतो, आधी लॉकर रूममध्ये दिसतो. २०२३ चा सामना आम्ही ३१-७ हरलो आणि दुसऱ्याच दिवशी आमचे प्रशिक्षक जोनाथन स्मिथ मिशिगन स्टेटला गेल्याची बातमी आली. कुठे, तर बिग टेनमध्येच. ते आमचेच माजी क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचे सूत्रधार, २००० सालच्या सोनेरी हंगामातले. पाठोपाठ खेळाडूही पांगले. हल्ली खेळाडू सहज विद्यापीठ बदलू शकतो, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत. ती मर्यादा सगळ्यांना एकच आहे, तेवढे पैसे खिशात असणं मात्र नाही. मुलींच्या बास्केटबॉल संघाची कथा तर जास्त लागते मनाला. मार्च २०२४ मध्ये देशातल्या शेवटच्या आठांत पोचलेला संघ, आणि उन्हाळ्यात बहुतेक मुख्य खेळाडू दुसऱ्या रंगात. तरी उरलेल्यांनी पुढच्या वर्षी, पाहुणे म्हणून ज्या लीगमध्ये खेळत होत्या तिचीच स्पर्धा जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळवली. त्याची बातमी किती जणांनी वाचली, देव जाणे.

तुम्ही म्हणाल, मग सगळं संपलंच. नाही ना! बेसबॉल बघा. २००६, २००७ आणि २०१८ असे तीन राष्ट्रीय किताब आमच्याकडे आहेत. २०२५ ला बेसबॉल संघाला लीगच नव्हती. सगळा हंगाम बॅगा उचलून गावोगाव, आणि तरी पोरं ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजला, राष्ट्रीय किताबाच्या शेवटच्या टप्प्याला, पोचली. त्याच वर्षी डक्स स्वतःच्या मैदानावर भरलेल्या पहिल्या टप्प्यात दोन्ही सामने हरून बाहेर. मी त्या दिवशी ऑफिसात फार सज्जनपणे वागलो, एवढंच सांगतो.

आणि शेजारचं वॉशिंग्टन राज्य बघा. तिथेही असंच झालं, एक भाऊ बिग टेनला आणि एक मागे. पण फुटल्यावर त्यांनी बसून २०२८ पर्यंतचा करार केला. पहिल्याच सामन्यात, २०२४ ला, मागे राहिलेल्या वॉशिंग्टन स्टेटने २४-१९ ने बाजी मारली. पुढच्या वर्षी ५९-२४ मार खाल्ला, पण सामना कॅलेंडरवर पक्का आहे. आमच्याकडे तेवढंही नाही. नवी पॅक-१२ जुलै २०२६ पासूनची, बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट वगैरे मंडळींना घेऊन. म्हणजे आमची नोव्हेंबरची सोय झाली. पण ऑरेगनच्या २०२६ च्या वेळापत्रकात आम्ही नाही. पोर्टलंड स्टेट आहे, खालच्या विभागातलं. म्हणजे राज्यातल्या संघाशी खेळायला वेळ नाही असं म्हणायची सोयही त्यांनी ठेवलेली नाही.

नोव्हेंबर मागणार नाही, ते आता होणे नाही. मागणं एवढंच: दहा वर्षांचा लेखी करार, एक वर्ष युजीन आणि एक वर्ष कॉर्व्हॅलिस, आणि तारीख वर्ग सुरू झाल्यानंतरची. एवढं झालं तर ४१-७ सुद्धा चालेल.