वर्गाला बाईंचं नाव द्यायचं की नाही

अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या एका क्वेकर शाळेत मी किंडरगार्टनला मदतनीस शिक्षिका आहे. क्वेकर हा साधेपणा आणि मौनप्रार्थना मानणारा ख्रिस्ती पंथ. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले, त्या बाई यंदा निवृत्त झाल्या. तीन दशकांहून जास्त काळ त्यांनी पाच-सहा वर्षांचीच मुलं शिकवली.

आपल्याकडे शाल, श्रीफळ, भाषणं झाली असती. क्वेकरांना ते मानवत नाही. प्रत्येकात देवाचा अंश आहे, मग कुणाला उंचावर बसवायचं कशाला, ही पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांच्या काळापासूनची, म्हणजे सतराव्या शतकापासूनची धारणा. पूर्वी त्यांच्या कबरींवर दगडसुद्धा नसत. आमची मुलं मुख्याध्यापकांनाही नावानेच हाक मारतात.

तरी पालकांनी पैसे जमवले आणि वर्गाला बाईंचं नाव द्यायची मागणी केली. इथल्या समितीत मतदान नसतं. सगळ्यांचं म्हणणं एका दिशेला येईपर्यंत थांबायचं. बाईंनीच नको म्हटलं आणि विषय थांबला. मला ते पटलं नाही. देणगीदाराचं नाव इमारतीवर चालतं, मग बालवर्गाच्या बाईंच्याच वेळी साधेपणा कसा आठवतो?

शेवटी निरोपाची मौनसभा ठरली. समोरासमोर बाकं, पाद्री नाही, प्रवचन नाही. ज्याला आतून वाटेल त्याने उभं राहून बोलायचं आणि एकाचं बोलणं झालं की ते मुरायला वेळ द्यायचा. एरवी आमची मुलं थोडा वेळ बसून वर्गात परततात. त्या दिवशी ती शेवटपर्यंत थांबणार होती. बाई ‘गप्प बसा’ म्हणत नाहीत. त्या मुलांना ऐकायला लावतात: आधी रस्त्यावरची गाडी, मग शेजारच्याचा श्वास, मग स्वतःचा. मुलं छान बसली. मोठ्यांनाच धीर निघेना. एक बसतो न बसतो तोच दुसरा उभा, काही जण तर फोनवरून वाचत होते.

मग आमच्या वर्गातली एक मुलगी उठली. म्हणाली, “मी गोष्ट चुकीची सांगितली तर बाई चुकीचीच लिहितात. मग मी ती बदलते.”

काही जण हसले. मला मात्र बाईंचं सगळं काम त्यात दिसलं. मुलाने चित्र काढलं की बाई विचारतात, “याखाली काय लिहू?” मूल सांगेल ते त्याच्या डोळ्यांदेखत, शब्द उच्चारत, जसंच्या तसं लिहितात. व्याकरण चुकलं तरी हात लावत नाहीत. मग वाचून दाखवतात: “असंच म्हणायचं होतं ना?” मूल थबकतं आणि पुष्कळदा स्वतःच वाक्य फिरवतं. बोललेलं कागदावर राहतं आणि ते बदलताही येतं, हे त्याला तिथे कळतं. हे फार अवघड आहे, कारण आपला हात आपोआप दुरुस्ती करतो. वर्कशीट मागणाऱ्या पालकांना यातलं काही दिसत नाही, याचा मला राग येतो.

बाई बोलल्या नाहीत. हस्तांदोलन होऊन सभा संपली तशा त्या थेट त्या मुलीकडे गेल्या आणि विचारलं, “कुठली गोष्ट गं?”

तेव्हापासून मी विचार करते आहे. बोर्डी-कोसबाडचं बालशिक्षणाचं काम आपण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या नावांनी ओळखतो. नावं नसती, तर ती बालवाडी आपोआप उगवली असंच लोकांना वाटलं असतं. पुढच्या वर्षी नवे पालक विचारतील, इथे अक्षरं का गिरवून घेत नाहीत? ही रीत कुणी, किती वर्षं घासून बसवली, हे त्यांना वर्गाच्या दारावर वाचता यायला हवं. समितीपुढे मी हा विषय पुन्हा मांडणार आहे, आणि त्याआधी बाईंना भेटून तसं सांगणार आहे.