रॅम घ्यायच्या आधी डिस्क बघा

हळदीचे सौदे जोरात असले की सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांत एकच तक्रार: शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी निघता निघत नाही, पीसी हँग होतोय. उपायही ठरलेला, रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) वाढवा. पैसे मोजण्याआधी दहा मिनिटं विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून बघा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्समध्ये जा. सगळ्यांची नजर सीपीयूवर जाते. तुम्ही आधी डिस्क पाहा. ॲक्टिव्ह टाइम (डिस्क कामात असलेला वेळ) १०० टक्के, पण वाचन-लेखन सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी, असं दिसलं तर डिस्क धापा टाकतेय. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्कही विखुरलेला डेटा सेकंदाला शंभरेक वेळाच वाचू शकते. रिस्पॉन्स टाइम, म्हणजे डिस्कला उत्तर द्यायला लागणारा वेळ, सतत १०० मिलिसेकंदांच्या वर राहिला की हिशेबाचं सॉफ्टवेअर अडणारच. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा.

पण थांबा, रॅम कमी पडली तरी डिस्क अशीच राबते, कारण विंडोज मेमरीतली पानं डिस्कवर ढकलतं आणि परत आणतं. खरं कारण रिसोर्स मॉनिटर सांगतो. विंडोज की आणि आर दाबून रन उघडा, ‘resmon’ टाका, मेमरी टॅब उघडा. हार्ड फॉल्ट्स (मेमरीतलं पान डिस्कवरून आणावं लागण्याच्या वेळा) सेकंदाला शेकड्यांत, तेही सतत, आणि अव्हेलेबल मेमरी दोन-तीनशे एमबीवर आलेली असेल, तर रॅमच हवी. फॉल्ट्स शून्याजवळ असतील तर नवी रॅम रिकामी पडून राहील. तिसरी शक्यता, डिस्कच मरायला टेकलेली. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पेंडिंग सेक्टर्स (नीट वाचता न येणारे भाग) दिसले तर बाकी सगळं सोडून आधी बॅकअप घ्या.

सीपीयू २५ टक्क्यांवर अडकलाय म्हणून निवांत राहू नका. सीपीयूत चार लॉजिकल प्रोसेसर (एकाच वेळी वेगवेगळी कामं घेणारे भाग) असतील तर २५ टक्के म्हणजे बहुधा एक पूर्ण भरलाय आणि प्रोग्रामला बाकीचे तीन वापरताच येत नाहीत. खात्रीसाठी सीपीयूच्या आलेखावर उजवं क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडा.

एप्रिल-मेच्या उन्हात सीपीयूच्या स्पीडचा आकडाही बघा. भरपूर काम चालू असताना तो बेस स्पीडच्या (सीपीयूच्या ठरलेल्या मूळ वेगाच्या) बराच खाली आला तर उष्णतेचा संशय घ्या. टास्क मॅनेजर सीपीयूचं तापमान दाखवत नाही, त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो लागतं. यार्डातली हळदीची बारीक भुकटी सीपीयू थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत बसते आणि हवा कोंडते. पीसी बंद करून, वायर काढून, पंख्याचं पातं बोटानं धरून ब्लोअर मारा. पंखा मोकळा फिरू दिला तर बेअरिंग खराब होऊ शकतं.

अधूनमधूनच अडत असेल तर समोर बसून सापडणार नाही. विंडोजच्याच परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये नवा ‘डेटा कलेक्टर सेट’ (आपोआप नोंदी ठेवणारा संच) बनवा, दर १५ सेकंदांनी नोंद ठेवा. प्रोसेसर टाइम, अव्हेलेबल एमबाइट्स आणि डिस्कचा ॲव्हरेज सेकंद पर रीड, तीनच काउंटर (मोजमापं) पुरे. शेवटचा सेकंदांत असतो, म्हणजे ०.०२५ हे २५ मिलिसेकंद. नोंदी सी ड्राइव्हच्या पर्फलॉग्ज फोल्डरमध्ये जातात. लाइट गेली की हा सेट थांबतो आणि पीसी चालू केल्यावर आपोआप सुरू होत नाही, तो पुन्हा हातानं सुरू करावा लागतो.