करंगळीचं वय

मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमाराला लाइन गेली, कूलर घरघरत थांबला आणि माझ्या लक्षात आलं की खोलीतला षड्जच गेला. इतका वेळ मी कूलरच्या मोटरीला धरून गिटार वाजवत होतो. मोबाइलमधला ट्यूनर सांगत होता की जाड तार थोडी उतरलीय. सांगू दे. पारा 45च्या वर गेला की नागपुरात कूलर म्हणेल तोच सूर.

तशी कूलरच्या खोलीची गरज माझ्यापेक्षा गिटारलाच जास्त. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, त्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, मात्र आहेत तेवढ्याच राहतात. मग त्यांची टोकं कडेनं बाहेर डोकावतात आणि हात वरखाली नेताना कातडी खरचटते. पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगतं. उन्हाळ्यात घरी पाहुणे आले की कोण कुठे झोपणार याची वाटणी होते, तेव्हा गिटारचा नंबर आता पाहुण्यांच्या आधी लागतो. यावर बायकोचं मत वेगळं आहे.

निवृत्तीनंतर गिटार शिकतोय म्हटलं की लोक आधी कौतुक करतात आणि लगेच, 'एखादं गाणं होऊन जाऊ द्या.' गाणं मला येत नाही आणि शिकायचंही नाही. लग्नघरी कोपऱ्यात बसून फर्माइशी पुरवणारा काका मला व्हायचं नाही. मला ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, वाजवायचाय, तोही सगळ्यात साधा. ई, ए आणि बी सेव्हन, तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांचे तीन जुडगे. चार बार ई, दोन ए, पुन्हा दोन ई, मग एक बी सेव्हन, एक ए, शेवटी दोन ई, की चला पुन्हा पहिल्यापासून. 12 बार, बारमागे चार मात्रा, म्हणजे 48. आपला अतिविलंबित एकताल चार-चार तुकड्यांनी मोजला तर तेवढाच भरतो. तेव्हा मोजण्याचं भय नाही. भय आहे करंगळीचं. बी सेव्हनला चारही बोटं लागतात, आणि आख्खी नोकरी फायलींवर सह्या करण्यात गेलेल्या माणसाच्या डाव्या करंगळीनं जन्मात काही केलेलं नसतं. तिला या वयात कामाला लावायचं म्हणजे तिच्याही दृष्टीनं अन्यायच.

शिकवतो तो पोरगा धरमपेठेत राहतो, माझ्या मुलापेक्षाही लहान. 'काकाजी, एवढी घाई काऊन करून राहिले? थांबा न थोडं. सूर मरू द्या पहिले.' धीर यावा म्हणून त्यानं एलिझाबेथ कॉटन या अमेरिकन बाईंची गोष्ट सांगितली. तरुणपणी गिटार सुटली, पुढे दुसऱ्यांच्या घरी कामाला असताना उतारवयात पुन्हा हाती आली. डावखुऱ्या, म्हणून उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायच्या. पहिला अल्बम 1958 साली, साठी उलटल्यावर. ग्रॅमी 1985 साली, नव्वदीत. गोष्ट छानच आहे, पण त्या सुटलेलं पुन्हा धरत होत्या आणि मी कधीच न धरलेलं धरतोय. त्यापेक्षा मला ब्लूजचे गिटारवादक बी. बी. किंग बरे. आपल्याला कॉर्ड वाजवता येत नाहीत, असं हा एवढा मोठा माणूस जाहीरपणे सांगायचा. हे मी करंगळीला अधूनमधून ऐकवत असतो.

बायको भजनी मंडळात पेटी वाजवते. तिचा आक्षेप गंधाराला. 'कोमल की शुद्ध, एक काय ते ठरवा ना.' ब्लूजमध्ये ते ठरवायचंच नसतं. कोमल गंधाराची तार बोटानं जरा ढकलायची आणि शुद्धाला पोचायच्या आधीच सोडून द्यायची. पेटीच्या पट्ट्यांमध्ये ही जागाच नाही. मी म्हटलं, 'जोगमध्ये नाहीत का दोन्ही गंधार?' ती म्हणाली, 'आहेत. पण कुठला कधी घ्यायचा हे तिथे ठरलेलं असतं.' यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

मधली एक जागा मात्र मला न शिकवता आली. ब्लूजच्या कडव्यात पहिली ओळ म्हणतात, तीच पुन्हा म्हणतात आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर येतं. हे मी आधी ऐकलं होतं, तेही कापसावर पडून. एकाधिकार खरेदीचे दिवस होते, कापूस सरकारी केंद्रावरच घालावा लागायचा. आजोबांची बैलबंडी खरेदी केंद्राबाहेरच्या रांगेत, पुढे बंड्या, मागे बंड्या, नंबर कधी लागेल कोणी सांगावं. रात्री मी वर कापसात रुतून झोपायचो. खालून गार, अंगाला सरकीचा वास, जूवरून सोडलेल्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा. पुढच्या कुठल्यातरी बंडीवरचा माणूस एक ओळ म्हणायचा. मग बराच वेळ काही नाही. बिडी ओढत असेल. मग तीच ओळ पुन्हा. तिसरी येईपर्यंत मला झोप लागलेली असायची.

ब्लूजही कापसाच्याच शेतांतला. अमेरिकेतल्या मिसिसिपी डेल्टाची जमीन आपल्यासारखीच काळी, कसदार. बी. बी. किंग लहानपणी तिथे कापूस वेचायचे. 1861 ते 65च्या त्यांच्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्रज गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली, 1877 साली इथली एम्प्रेस ही कापडगिरणी सुरू झाली. शाळेत हे आम्ही प्रगती म्हणून पाठ केलं होतं. तिकडे बटईनं कसणाऱ्याला बियाणं, अवजारं, वर्षभराचं खाणंपिणं मालकाकडून उधारीवर मिळायचं. हंगाम संपला की मालक वही उघडायचा, आणि वर्षभर राबूनही बहुधा देणंच निघायचं. त्या वहीवर तिकडे गाणी झाली.

आमच्या पुढच्या बंडीवाल्याचा नंबर लागला का, भाव काय मिळाला, हे मी आजोबांना कधी विचारलं नाही. पुढे त्याचं काय झालं, हेही नाही. विदर्भातल्या कापूसवाल्याबद्दल हा प्रश्न विचारायची आता भीती वाटते.