पहिल्या बॉलची नोंदवही: अंगठा अखेर सुटला

टेन-पिन बॉलिंगचा माझा पहिला स्वतःचा बॉल ड्रिल होऊन, म्हणजे अंगठ्यासाठी आणि बोटांसाठी छिद्रे पाडून, हाती आला, एवढ्यावर मागची नोंद थांबली होती. मधल्या काळात लिहिण्यासारखे जे काही होते ते सारे अंगठ्याविषयीचे होते आणि त्यात तक्रारीपलीकडे काही नव्हते. आता आहे. फाउल लाइनपाशी, म्हणजे बॉल सोडायच्या रेषेपाशी, अंगठा आधी बाहेर पडतो, दोन बोटे क्षणभर मागे राहतात आणि बॉलला फिरवून सोडतात. फिंगरटिप ग्रिपचा, म्हणजे दोन बोटे फक्त पहिल्या पेरापर्यंत आत घालण्याच्या पकडीचा, खटाटोप ज्यासाठी केला होता, ते घडू लागले आहे.

बॉलच्या निवडीबद्दल फेरविचार नाही. १४ पौंड वजन, सिमेट्रिक कोअर (समतोल आकाराचा आतला गाभा) आणि पर्ल रिअ‍ॅक्टिव्ह कव्हर (चकचकीत, लेनवर पकड घेणारे बाहेरचे आवरण); ब्रन्सविकचा रायनो किंवा स्टॉर्मचा ट्रॉपिकल सर्ज ज्या वर्गात मोडतात, त्याच वर्गातला हा बॉल आहे. शरीराच्या वजनाच्या दहा टक्के हा बहुतेकांना सांगितला जाणारा हिशेब मी मानला नव्हता आणि त्याची खंत नाही, कारण अंगठा नीट बसल्यापासून हा बॉल १२ पौंडांच्या हाउस बॉलपेक्षाही (बॉलिंग सेंटरमधल्या सर्वांसाठीच्या बॉलपेक्षाही) हलका भासतो. जड असते ती पकड, वजन नव्हे. डिफरेन्शियलची, म्हणजे गाभ्यामुळे बॉल किती वळू शकतो हे सांगणाऱ्या आकड्याची, कमाल मर्यादा ०.०६० आहे म्हणून पहिलाच बॉल त्या मर्यादेला टेकणारा घ्यावा, असे म्हणणाऱ्यांशीही माझे जुळत नाही. मधोमध भरपूर तेल आणि कडेला कोरडे, अशा लेनवरच्या तेलाच्या नेहमीच्या मांडणीवर, म्हणजे हाउस पॅटर्नवर, तसला बॉल कोरड्या भागात लवकर वळतो, पिनांपाशी पोहोचेपर्यंत त्याचा जोर ओसरतो आणि चूक हाताची की बॉलची, हे नव्या खेळाडूला कळतच नाही.

आता अंगठ्याकडे वळतो. सुरुवातीला लक्षण एकच दिसत होते: बॉल उशिरा सुटत असे. लेनवरच्या दुसऱ्या बाणावरून, म्हणजे उजव्या कडेपासून दहाव्या बोर्डावरून (बोर्ड म्हणजे लेनची उभी पट्टी), जायला हवा असलेला बॉल लेनवर दणकन आदळून डावीकडे तेराव्या-चौदाव्या बोर्डावर जाई आणि तिथल्या तेलात वळायचे विसरून पॉकेट (एक आणि तीन नंबरच्या पिनांमधली जागा) ओलांडून जाई. अंगठा अडकतो आहे म्हणजे छिद्र घट्ट आहे, हे निदान सर्वांनाच पटले. ड्रिलरने छिद्र इंचाच्या चौसष्टाव्या भागाने मोठे केले. अंगठा अधिकच अडकू लागला. त्यावर त्यांचे उत्तर ‘सवय होईल’ असे होते. ज्या कारागिराने हात मोजून छिद्रे पाडायची, त्याने हातालाच छिद्राची सवय करून घ्यायला सांगावे, हे मला आजही पटलेले नाही.

छिद्र सैल केल्यावर अंगठा जास्त का अडकावा, या कोड्याने मला सर्वाधिक छळले. उलगडा टाल्कम पावडरने झाला. स्लगच्या, म्हणजे अंगठ्याच्या छिद्रात बसवलेल्या नळीच्या, आतल्या बाजूला पावडरचा पातळ थर दिला, अंगठा नेहमीसारखा घालून बॉल नुसताच झुलवला आणि अंगठा बाहेर काढून टॉर्चच्या उजेडात आत पाहिले. अंगठ्याचे पोट जिथे सपाट टेकायला हवे, तिथली पावडर जवळजवळ जशीच्या तशी होती. ती पुसली गेली होती दोनच ठिकाणी: पोटाच्या बाजूला खोलवर, जिथे अंगठ्याचे टोक पोहोचते, आणि समोरच्या नखाच्या बाजूला थोडे वर, सांध्याच्या उंचीवर. म्हणजे अंगठा आत सरळ उभा नव्हताच. तो सांध्यात वाकून, टोक आणि पेर दोन्हीकडे रोवून बॉल पेलत होता. पेरावर उठणाऱ्या लाल चट्ट्याचा अर्थही त्याच वेळी लागला. वाकलेला अंगठा सैल छिद्रातही पाचरीसारखा बसतो, आणि छिद्र जितके सैल तितका बॉल निसटू नये म्हणून हात तो अधिकच वाकवतो.

प्रश्न मापाचा नसून स्पॅन (अंगठ्याच्या आणि बोटांच्या छिद्रांमधले अंतर) आणि पिच (छिद्राचा कल) यांचा आहे, हे ध्यानात आल्यावर मी दुसऱ्या ड्रिलरकडे गेलो. त्यांनी बॉलकडे पाहण्याआधी हात पाहिला: बोटे किती मागे वळतात, अंगठा किती ताणला जातो, अंगठ्याचा बुंधा गोल आहे की चपटा. त्यानंतर फिटिंग बॉलवर मोजणी झाली. माझा स्पॅन इंचाच्या आठव्या भागाने लांब निघाला आणि अंगठ्याला पाव इंच रिव्हर्स पिच दिलेला होता. स्पॅन लांब असल्यामुळे अंगठा बुंध्यापर्यंत आत जात नव्हता. रिव्हर्समुळे छिद्र तळहातापासून दूर कललेले होते, त्यामुळे अंगठा आपोआप बाहेर सरके आणि त्याला रोखण्यासाठी हात आवळला जाई. रिव्हर्स पिच वाईट असतो असे मुळीच नाही, ताठ अंगठ्याच्या माणसाला तो लागतोच. पण माझा अंगठा लवचीक आहे आणि त्याला त्याची गरज नव्हती.

जुने छिद्र राळेने भरले गेले. ते पक्के झाल्यावर स्पॅन कमी करून शून्य पिचवर नवा स्लग बसला आणि आतले छिद्र गोल न ठेवता अंगठ्याच्या आकाराप्रमाणे लांबट कोरले गेले. बेव्हलवर, म्हणजे छिद्राची कड घासून गोलसर करण्यावर, त्यांनी जो वेळ घालवला तो पाहण्यासारखा होता: कडेवरून थोडी सँडपेपर फिरवायची, अंगठा घालायला सांगायचे, तो काढताना कुठे लागते ते विचारायचे आणि पुन्हा सँडपेपर घ्यायची. छिद्रातली टेप आता पोटाच्या बाजूला पांढरी खरखरीत आणि नखाच्या बाजूला काळी गुळगुळीत अशी लावतो. खेळ रंगला की अंगठा किंचित सुजतो, तेव्हा पांढरीची एक पट्टी चिमट्याने काढली की काम भागते.

हे सारे होण्यापूर्वी वैतागाच्या भरात अंगठाच वगळून व्यावसायिक खेळाडू जेसन बेलमोंटेप्रमाणे दोन हातांनी टाकावे, असाही विचार केला होता. मात्र ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसी या अमेरिकेतील बॉलिंगच्या नियामक संस्थेच्या नियमांत बॅलन्स होल (बॉलचे वजन साधण्यासाठीची जादा छिद्रे) बंद झाले आहेत आणि बॉलवरचे प्रत्येक छिद्र पकडीसाठी वापरलेच पाहिजे. अंगठा बाहेर ठेवायचा तर त्याचे छिद्र बुजवावे लागले असते. पुढे कधी स्पर्धेत उतरायचे असेल तर तो मार्ग केवळ सवयीचा नाही, ड्रिलिंगचाही आहे.

नव्या छिद्राने काय दिले? दहावा बोर्ड आता बऱ्यापैकी हाताशी आला आहे. बॉल आदळत नाही, लेनवर टेकतो. पर्लचा जो गुण ऐकून तो घेतला होता, म्हणजे तेलातून सरळ लांब जाऊन शेवटच्या टप्प्यात ठळकपणे वळणे, तो पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसला आणि बॉल एक-तीन पॉकेटमध्ये शिरल्यावर पाच नंबरची पिन ज्या झटक्याने बाजूला उडाली, त्याचे सुख वेगळेच होते.

पुढचा बेत असिमेट्रिक, म्हणजे असमान गाभ्याच्या, बॉलचा होता. तो मागे ठेवतो आहे. कोपऱ्यातली दहा नंबरची पिन या बॉलने उडवायला गेलो की तो शेवटी वळून तिच्या डावीकडून निघून जातो, तेव्हा आधी सरळ जाणारा प्लास्टिकचा स्पेअर बॉल (उरलेल्या पिना पाडण्यासाठीचा) हवा. त्यालाही हाच स्पॅन आणि हाच पिच दिला तरी अंगठ्याचा लांबट आकार हाताने दुसऱ्यांदा हुबेहूब कोरला जाईल याची खात्री नाही, म्हणून दोन्ही बॉलमध्ये काढता-घालता येणारा अंगठ्याचा एकच स्लग बसवावा असे हे लिहिता लिहिता सुचते आहे. तसे केल्यास टेपची रचनाही एकदाच करावी लागेल.

मात्र त्याआधी आणखी एक काम निघाले आहे. पूर्वी बॉल परत आला की त्यावरची तेलाची वर्तुळे अंगठ्याच्या छिद्राला अगदी चिकटून गेलेली असत आणि कधी कधी लेनवर छिद्राची कड लागल्याचा टक् असा आवाज येई. आता तीच वर्तुळे छिद्रापासून चांगली दूर सरकली आहेत, याचा अर्थ रिलीज, म्हणजे बॉल सोडण्याची पद्धत, बदलला आहे आणि लेआउटसाठी (छिद्रे कुठे पाडायची त्या आखणीसाठी) मोजलेला जुना पीएपी (सोडल्यावर बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्याच्या टोकाचा बिंदू) वाकलेल्या अंगठ्याचा होता. म्हणून सध्या कोणताच बॉल ड्रिलला द्यायचा नाही. पहिल्या वर्तुळावर खडूची खूण करून पीएपी नव्याने मोजून घेतो, आणि आकडा हाती आला की असिमेट्रिकच्या लेआउटचा विषय इथे पुन्हा काढतो.